वजिराच्या प्याद्याला उत्तर

मी बुद्धिबळाचं एक जुनं घड्याळ आहे. मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगत असतील की माणसांनी त्यांना जिवापाड जपलं. मला माणसांनी बडवलं. माझ्या लाकडी पेटीवर दोन तबकड्या आहेत आणि डोक्यावर दोन बटणं. चाल खेळली की खेळाडू आपल्या बाजूचं बटण दाबतो. त्याचा काटा थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. दाबतो म्हणजे काय, हाणतो. समोरच्या माणसाचा सगळा राग माझ्या डोक्यावर निघतो. प्रत्येक तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ एक लाल झेंडी आहे. मिनिटकाटा तिला हळूहळू वर उचलतो, आणि वेळ संपली की ती खाली पडते. ज्याची झेंडी पडली तो हरला. मग पटावर त्याचा वजीर असो नाहीतर अख्खी फौज.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथं डोळ्याला भिंग लावून बसणारी एक बाई होती. तिचं काम एकच, दोन्ही बाजू सारख्या चालतात की नाही ते बघायचं. मला तिनं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा चोवीस तास चालवून पाहिलं आणि म्हणाली, "आता खोटं बोलणार नाही हे." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक.

तिथून मी एका बुद्धिबळ मंडळात आलो. टायरच्या दुकानावरची लांबट खोली, बारा टेबलं, खालून येणारा रबराचा वास. मी पहिल्या टेबलावर असायचो, कारण पहिल्या टेबलावर दोन भाऊ खेळायचे.

थोरला पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होता आणि मंडळाचा अध्यक्षही. पांढरी मोहरी घेतली की तो वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलायचा. दुसरी सुरुवात त्यानं आयुष्यात केली नाही. मग हल्ला नाही की घाई नाही. एकेक घर ताब्यात घेत तो समोरच्याचा श्वास कोंडायचा आणि चाळिसाव्या चालीला म्हणायचा, "आता काय करणार?" धाकटा लेथवर काम करणारा टर्नर. तो तितकाच चिवट, पण मवाळ. काळ्या मोहऱ्यांनी तो भावाच्या प्याद्यासमोर आपलं प्यादं ठेवायचा, आणखी एक त्याच्या आधाराला लावायचा आणि तीन तास मार खात बरोबरी वाचवायचा. बरोबरी झाली की त्याला बरं वाटायचं.

एका वर्षी वार्षिक स्पर्धेच्या अंतिम डावात थोरल्याची बाजू भक्कम होती. दहापैकी कुठलीही चाल चालली असती, पण त्याला सर्वांत उत्तम चाल हवी होती. तो डोकं धरून विचार करत बसला. त्याची पस्तीस मिनिटं गेली, चाळीस गेली. धाकटा पाणी पिऊन आला आणि आपल्या खुर्चीमागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. माझी थोरल्याच्या बाजूची झेंडी पडली.

थोरल्यानं मान वर केली. आधी झेंडीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"काटा कुणी सरकवला?"



"मी खाली मान घालून विचार करत होतो. हा येऊन उभा राहिला आणि माझी दहा मिनिटं गेली. घड्याळात दोष नाही, माणसात आहे."

"दादा, मी हात नाही लावला," धाकटा म्हणाला. एकदाच म्हणाला. पुन्हा तोंड उघडलं नाही.

मित्रांनो, तेव्हा माझ्या आतल्या सगळ्या चाकांचा संताप झाला. ती मिनिटं मी एकेक करून मोजली होती. पण मला येतं ते फक्त टिकटिक. शेजारच्या टेबलावर मंडळाचाच एक सभासद, सलूनवाला, आपला डाव संपवून बसला होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. तो आपल्या नखांकडे बघत राहिला. बाकीच्यांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केले आणि धाकट्याचं नाव मंडळातून कायमचं काढून टाकलं. तो जिना उतरत असताना थोरला वरून ओरडला, "हे घड्याळही ने. घरी बस काटे फिरवत!" कुणीतरी मला त्याच्या हातात कोंबलं.

त्यानंतर चौदा वर्षं मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर, मोठ्या पातेल्यामागे होतो. धाकट्याची बायको भांडं काढताना मला बाजूला ढकलायची आणि म्हणायची, "हे अजून घरात कशाला ठेवलंय?" मला कुणी चावी दिली नाही. माझं तेल सुकलं. धाकटा पट उघडायचा नाही, भावाचं नाव घ्यायचा नाही, कारखान्यात कुणी टोमणा मारला तर लेथचा आवाज वाढवायचा. त्याची मुलगी शाळेतून रडत आली होती एकदा, चोराची पोर म्हणाले म्हणून. त्यानं तिला एवढंच सांगितलं, "लक्ष देऊ नकोस."

मुलीनं लक्ष दिलं. ती मोठी झाली, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, मेण, बारीक कानस. संध्याकाळी हाताला गुलाबी भुकटी लागलेली असायची. बापाच्या जुन्या पुस्तकांवरून ती खेळ शिकली होती. एका रविवारी तिनं मला खाली काढलं, कामाच्या बारीक ब्रशनं माझी चाकं साफ केली, थेंबभर तेल घातलं आणि चावी दिली. मी चाललो. बाप दारात उभा राहून बघत होता.

"ते बंद कर," तो म्हणाला.

"नाही करणार."

त्या वर्षी मंडळाची स्पर्धा सगळ्यांना खुली झाली आणि तिनं नाव नोंदवलं. दर रविवारी एक डाव, असे सात. सहा रविवारांनंतर थोरल्याचे साडेपाच गुण झाले आणि हिचे पाच. शेवटचा डाव दोघांचा. त्याला पांढरी मोहरी, हिला काळी. त्याला बरोबरी पुरेशी होती. हिला जिंकणंच भाग होतं.

सोमवारी संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडला आणि मला शेजारी ठेवलं. पांढरं वजिराचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि बापाला म्हणाली, "बसा. हे तो खेळणार. मी काय करू?"

धाकट्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग बसला. चौदा वर्षांनी त्याचा हात मोहऱ्यांना लागला. त्यानं काळ्या वजिराचं प्यादं समोर आणून ठेवलं. "आधी भिंत बांध. त्याला येऊ दे. चुकेल तेव्हा बघू."

"तो चुकत नाही, बाबा. तो चिरडतो. तुम्ही भिंत बांधून किती वेळा जिंकलात?"

"हरलो नाही."

"मला नुसतं न हरणं नकोय. मला जिंकायचंय." तिनं ते प्यादं उचलून मागे ठेवलं. "सुरी द्या मला. भिंत नको."

मंगळवारी तिनं किंग्ज इंडियन नावाची सुरुवात आणली. उंट कोपऱ्यात बसवायचा, समोरच्याला मधली सगळी जागा घेऊ द्यायची आणि मग त्याच्या राजावर प्याद्यांची लाट सोडायची. ती रंगात येऊन दाखवत होती. बापानं शांतपणे मधली प्यादी मारली, वजिराला वजीर दिला आणि पट रिकामा केला.

"झालं. आता कशावर लाट सोडणार? तुझा काका हेच करेल. त्याला बरोबरी चालते."

"त्याला काका म्हणू नका."

बुधवारी तिनं बुडापेस्ट काढली. दुसऱ्याच चालीला प्यादं फुकट देऊन घोडे उधळायचे. "तो प्यादं परत देईल," बाप म्हणाला, "आणि तुझ्या हाती काही राहणार नाही." मग डच. तिच्यात राजाच्या उंटापुढचं प्यादं पुढे काढून आपल्याच राजाचं दार उघडं टाकायचं. "तो त्या दारासमोर खुर्ची टाकून बसेल. घाई तुला आहे, त्याला नाही."

तिनं हातातला घोडा पटावर आपटला. "सगळ्यातच खोट काढताय! तुम्हाला मुळात मी लढावं असं वाटतच नाही. त्या दिवशी टेबलावर मूठ आपटली असतीत तर मला शाळेत..." ती थांबली.

"बोल ना," बाप म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "भेकड म्हण."

"भेकड," ती म्हणाली.

गुरुवारी पट मांडला गेला नाही. दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले.

शुक्रवारी ती कामावरून आली तेव्हा पट मांडलेला होता. बाप त्याच्यासमोर बसला होता. त्यानं आधी राजाच्या बाजूचा काळा घोडा काढला. पांढऱ्यांचं दुसरं प्यादं वजिराच्या प्याद्याशेजारी आलं. मग त्यानं वजिराच्या उंटापुढचं काळं प्यादं दोन घरं ढकललं, थेट पांढऱ्या प्याद्यावर.

"बेनोनी," ती म्हणाली.

"यात दोन्ही बाजूंची प्यादी सारखी उरत नाहीत. त्याची फळी मध्ये, तुझी वजिराच्या बाजूला. अदलाबदल करून पट मारून टाकता येत नाही. एक तर तो तुझ्या अंगावरून जाईल, नाहीतर तू त्याच्या. पण एक अट आहे. त्यानं आपलं प्यादं पुढे ढकललं पाहिजे. तो नुसता घोडा काढून बसला तर तुझी सुरी बोथट."

"ढकलेल?"

बापानं खांदे उडवले. तेव्हा ओट्याशी उभी असलेली आई मागे न बघता म्हणाली, "ढकलणार नाही तर काय करणार? तुमच्या बंधुराजांना कुणी आडवं गेलेलं खपलंय कधी? लग्नात मी त्यांच्या आधी फोटोला उभी राहिले तर मला खांद्यानं सारून पुढे आले होते. तो माणूस बाजूला होत नाही. पुढेच येतो." मग तिनं पातेल्यावर झाकण आपटलं. "आणि आता त्याचं नाव माझ्या स्वयंपाकघरात पुरे."

बापलेकीनं एकमेकांकडे पाहिलं. ओपनिंग ठरली होती. शनिवारी सकाळपासून दोघं पटावर भांडत होते. ती चाल खेळून मला हाणायची, तोही मला हाणायचा. तुम्हाला सांगतो, इतका मार मी मंडळातही खाल्ला नव्हता.

रविवारी ती मला पिशवीत घालून घेऊन गेली. धाकटा सोबत आला, पण टायरच्या दुकानासमोर स्कूटरवरच बसून राहिला. वरच्या खोलीत आता सगळीकडे आकडे दाखवणारी प्लास्टिकची घड्याळं होती. तिनं मला पहिल्या टेबलावर ठेवलं.

थोरला आला. केस पिकले होते, पाठ तशीच ताठ. मला बघताच त्याच्या कपाळावरची शीर उठली.

"हे इथून उचल."

"काळी मोहरी ज्याची, घड्याळ त्याच्या पसंतीचं. नियम तुम्हीच लिहिलाय, अध्यक्ष."

"असल्या घड्याळावर मी खेळणार नाही."

"का? घड्याळात दोष नाही म्हणाला होतात ना तुम्ही?"

पंच म्हणून त्या वर्षी सलूनवाला होता. तो माझ्याजवळ आला, दोन्ही बाजू चालवून पाहिल्या आणि थोरल्याच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "चालेल."

थोरल्यानं वजिराचं प्यादं ढकललं. तिचा घोडा आला. त्याचं दुसरं प्यादं आलं. तिनं आपलं प्यादं त्याच्या अंगावर घातलं. थोरल्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, बापाच्या भिंतीची वाट बघत असल्यासारखं. मग नाकातून हसला आणि प्यादं पुढे ढकललं.

दहा चालींत पट दोन तुकड्यांत फाटला. दोघांनी किल्लेकोट केला. तिचा काळ्या घरांचा उंट कोपऱ्यातून लांबवर नेम धरून बसला, हत्ती मोकळ्या रांगेत आला, घोडा मध्यावर चढला. आणि बाराव्या चालीला तिनं स्वतःच्या राजापुढचं प्यादं पुढे काढलं. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी चक् केलं.

"असं नाही खेळत पोरी," थोरला म्हणाला. "राजा उघडा पडला तुझा. बरोबरी घे आणि घरी जा."

"तुम्ही खेळा."

तो खेळला. एकेक घर घेत तिच्या अंगावर येत राहिला. ती दाबली गेली. एका क्षणी तिच्या घोड्याला जायला जागा उरली नव्हती, आणि माझ्या तिच्या बाजूच्या तबकडीवर वीस मिनिटं गेली. तिची बोटं गार पडली होती, मला बटणावर कळत होतं. मग तिनं हत्ती उचलला आणि त्याच्या घोड्यावर घातला. मोठं मोहरं देऊन लहान घेतलं. पण तोच घोडा काळी घरं राखत होता. तो गेल्यावर तिचा उंट सुटला, आणि उंटामागोमाग वजीर थेट त्याच्या राजासमोर.

थोरल्यानं मला बटणावर हाणायचं सोडून दिलं. नुसतं टेकवायला लागला. शेवटी तो बसून राहिला. त्याच्याकडे अजून एकोणीस मिनिटं होती. माझ्या झेंडीला या डावात काहीच काम नव्हतं. त्याच्याकडे वेळ होता, चाल नव्हती. त्यानं राजा आडवा केला.

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मुलगी उभी राहिली.

"आता सांगा. बाबांनी काटा सरकवला होता का?"

"डाव जिंकलीस. तो घे आणि नीघ," थोरला म्हणाला. "जुन्या गोष्टींना पुरावा लागतो."

"नव्हता सरकवला."

हे सलूनवाला म्हणाला.  "मी शेजारच्या टेबलावर होतो. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते. तुमची वेळ संपली होती, साहेब."

"चौदा वर्षांनी आठवलं?"

"रोज आठवतं."

मुलगी त्याच्याकडे वळली. मला वाटलं ती त्याचे आभार मानेल. "रोज आठवतं तर रोज सांगितलं का नाही?"

"मला इथं खेळायचं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "अध्यक्षांशी वाकडं घेऊन कसं खेळणार?"

थोरल्यानं पेनाला टोपण लावलं. "पुढच्या बैठकीत विषय घेऊ," तो म्हणाला.

मुलगी धाडधाड जिना उतरली. रस्त्यावर काय बोलणं झालं ते मला उघड्या खिडकीतून ऐकू आलं.

"जिंकले. आणि सगळ्यांसमोर विचारलं त्याला."

"मी नको म्हटलं होतं."

"तुम्ही सगळ्यालाच नको म्हणता, बाबा! सलूनवाल्या काकांनी पाहिलं होतं. आज बोलले ते."

 मग जिन्यावर पावलं वाजली. जड, लेथवर उभं राहून राहून सुजलेली पावलं. धाकटा चौदा वर्षांनी त्या खोलीत आला. आधी भावासमोर उभा राहिला.

"दादा, तुझी वेळ संपली होती. तू उगाच विचार करत बसलास."

थोरला खिडकीबाहेर बघू लागला. 

मग धाकटा सलूनवाल्याकडे वळला. सलूनवाल्यानं हात पुढे केला. त्याचे डोळे भरले होते.

"दर महिन्याला तुझ्या खुर्चीत बसलो," धाकटा म्हणाला. "चौदा वर्षं. तुझ्या वस्तऱ्याखाली मान देऊन. तू हवापाण्याच्या गोष्टी करायचास. एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही?"

सलूनवाल्याचा हात तसाच राहिला. धाकट्यानं मला उचलून काखेत घेतलं आणि तो जिना उतरला.

मित्रांनो, गोड शेवटाची वाट बघत असाल तर तो नाही. मंडळाचं पत्र आलं, सन्मानानं सभासदत्व परत देत असल्याचं. धाकट्यानं ते परत पाठवलं. आधी लेखी माफी, मग सभासदत्व, असं त्यानं वर लिहिलं. माफी आलेली नाही. तो दर महिन्याला नवीन पत्र टाकतो, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक. थोरला मंडळात येतो, पण त्याच्या टेबलाशी कुणी आपण होऊन बसत नाही. सलूनवाल्याचं दुकान टाळायला धाकटा रस्ता बदलून जातो. आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरात बापलेक खेळतात. बाप काळी मोहरी घेतो, भिंत बांधत नाही, राजा उघडा टाकतो, बहुतेक वेळा हरतो आणि हरला की दणदणीत भांडतो. बायको म्हणते, "अहो, शेजारी ऐकतील." तो म्हणतो, "ऐकू देत."

जुन्या वस्तूंनी शेवटी तुम्हाला काहीतरी मागायचं असतं म्हणे. मला तेल नको, फडकं नको, काचेचं कपाट नको. मला दोन चेहरे आहेत, पण तोंड एकही नाही. तुम्हाला ते आहे. तुमच्या डोळ्यांदेखत कुणावर खोटा आळ आला तर त्याच दिवशी बोला, त्याच खोलीत बोला, भले मग तुम्हाला तिथं कुणी खेळायला घेणार नसेल. उशीर केलात तरी खरं सांगाच. पण तेव्हा तुम्ही पुढे केलेला हात कुणी हातात घेईल, अशी आशा धरू नका.